बांग, भोंगा आणि माणसाचा गळा

आमच्या घरात दादी सर्वांच्या आधी उठतात. डोळ्यांना आता घड्याळाचे काटे दिसत नाहीत आणि मोबाइलशी त्यांचे कधी जमलेच नाही. घाटकोपर पश्चिमेला, एलबीएस मार्गापासून आत वळणाऱ्या आमच्या गल्लीत त्या लग्न होऊन आल्या, तेव्हापासून त्यांचे घड्याळ म्हणजे मशिदीची बांग. २०२५च्या उन्हाळ्यात मशिदीवरचा भोंगा उतरला आणि तेव्हापासून रोज पहाटे अंधारातून एकच प्रश्न येतो, "बांग झाली का रे?"

झालेली असते. आम्हांला ऐकू आलेली नसते, एवढेच. पंख्याची घरघर, शेजारच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, विमानतळावर उतरायला खाली आलेले विमान; यांत एका माणसाचा गळा हरवून जातो. सुरुवातीला आम्ही दादींसाठी मोबाइलमध्ये अजानीचा गजर लावला. आवाज मक्केच्या हरम शरीफमधल्या शेख अली अहमद मुल्ला यांचा. १९७५पासून तिथे अजान देणाऱ्या या बुजुर्गांना लोक प्रेमाने 'हरमचे बिलाल' म्हणतात. दादींनी दोन दिवस ऐकले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आवाज फार सुरेख आहे. पण हे आपले बांगीसाहेब नव्हेत. मला बोलावतंय कोण, तेच कळत नाही."

आम्ही त्यांना समजावले की शब्द तेच, वेळही तीच. त्या गप्प बसल्या, पण पटले नव्हते. खरे सांगायचे तर आमच्याही मनात प्रश्न राहिला. माणसाचा आवाज आणि माणसाने घडवलेले आवाजाचे साधन, यांत एवढा काय फरक असतो?

आधी घडले ते थोडक्यात. कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगर परिसरातल्या दोन रहिवासी संघटना मशिदी आणि मदरशांवरील भोंग्यांची तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २३ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम पोलिसांनी काटेकोर राबवावेत, असे त्यात म्हटले होते. त्यानंतरच्या काही महिन्यांत कारवाई झाली. जुलै २०२५मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत आकडा सांगितला: राज्यात प्रार्थनास्थळांवरचे ३,३६७ भोंगे उतरवले, त्यांपैकी १,६०८ मुंबईत. मुंबईतले बहुतेक मशिदींवरचे.

ज्या नियमांवर हे सगळे उभे आहे ते २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मुंबईच्या घड्याळात पाहिले तर पाच अजानींपैकी फक्त फज्रची अजान या बंद वेळेत येते, तीही वर्षातले बहुतेक दिवस. ईशाची अजान भर उन्हाळ्यातही नवाच्या आत होते. म्हणजे कायद्याने चार अजानींना परवानगी आणि मर्यादा, दोन्ही ठेवल्या आहेत. वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्या दिवसांत डीजेच्या भिंतींपुढे आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि मर्यादा कुठे जाते ते कळत नाही, हे दुखणे आम्हांलाही आहे. नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, हे सनदशीर मार्गाने मागत राहिले पाहिजे. मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांच्या 'आवाज फाउंडेशन'ने हातात डेसिबल मोजणारे यंत्र घेऊन सर्वच धर्मांच्या सणांतला गोंगाट वर्षानुवर्षे मोजला आहे. मोजमाप असले की बोलायला बळ येते.

पण भोंग्याची बाजू मांडताना आमचे मन थोडे अडखळते. ज्यांच्या खिडकीसमोर तो होता त्यांना विचारा. तान्हे बाळ दचकून उठायचे. चार मशिदींच्या अजाना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकमेकींत गुंतायच्या, आणि अजानीचे शब्द मागोमाग म्हणण्याची जी सुन्नत आहे ती कोणत्या अजानीच्या मागे पाळावी, हेच समजायचे नाही. हे आपण घरात बोलायचो, बाहेर नाही.

आता जरा मदिन्याकडे जाऊ. हिजरतीनंतरच्या सुरुवातीच्या काळात नमाजेसाठी लोकांना एकत्र कसे बोलवावे, यावर मसलत झाली. कोणी म्हणाले, ख्रिस्ती लोकांसारखा नाकूस वाजवावा. नाकूस म्हणजे तेव्हा लाकडाची लांब फळी. तिच्यावर दुसऱ्या लाकडाने ठोकायचे. कोणी म्हणाले, यहुद्यांसारखे शिंग फुंकावे. आग पेटवण्याचीही सूचना आली. हजरत उमर (रजि.) यांनी सुचवले की एखादा माणूसच पाठवून पुकारा का करू नये? पुढे हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्न पडले. स्वप्नात एक माणूस हातात नाकूस घेऊन चालला होता. यांनी विचारले, हा विकणार का? तो म्हणाला, काय करणार त्याचे? नमाजेला बोलावू, असे उत्तर दिल्यावर तो म्हणाला की याहून चांगली गोष्ट सांगतो, आणि त्याने अजानीचे शब्द शिकवले.

या प्रसंगातला एक तपशील आम्हांला फार आवडतो. स्वप्न पडले अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना, शब्द मिळाले त्यांना, पण हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले की हे शब्द बिलालला शिकवा, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा बुलंद आहे. म्हणजे वाद्य बाजूला ठेवून माणसाचा गळा निवडला, आणि गळाही पारखून निवडला. हजरत अबू महजूरा (रजि.) यांची हकीगत तर आणखी मजेची. ते आणि त्यांचे सोबती हुनैनहून परतणाऱ्या काफिल्याच्या अजानीची नक्कल करून चेष्टा करत होते. पैगंबरांनी (स.) त्या पोरांना बोलावून घेतले, एकेकाचा आवाज ऐकला आणि चेष्टा करणाऱ्यालाच मक्केचा मुअज्जिन केले.

शिंगात आणि गळ्यात फरक तो काय? सनई डोळ्यांपुढे आणा. उस्ताद बिस्मिल्ला खान (१९१६–२००६) यांनी जगभर नेलेली ती सनई. तीत तीनच गोष्टी असतात: फुंकर, थरथरणारी पाती आणि पोकळ नळी. आपल्या गळ्यातही तेच तीन भाग आहेत. फुप्फुसातली हवा ही फुंकर. स्वरयंत्रातल्या दोन पडद्या ही पाती, लांबी फार तर दोन-अडीच सेंटिमीटर. आणि घसा, तोंड, नाक मिळून नळी. पुरुषाच्या बोलण्यात त्या पडद्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात, बाईच्या बोलण्यात साधारण दोनशे वेळा. इथवर सनई आणि गळा भावंडे. पण सनईची नळी लाकडाची, एकदा घडली ती घडली. आपली नळी मांसाची; जीभ उचलली, ओठ आवळले, जबडा खाली केला की क्षणात तिचा आकार बदलतो आणि 'आ'चा 'ई' होतो. म्हणूनच सनई सूर देते, शब्द देऊ शकत नाही.

शिंग आणि नाकूस 'या' एवढेच सांगू शकतात. कोण बोलावतो, कोणाकडे, कशासाठी, हे त्यांना सांगता येत नाही. अजान हे सगळे सांगते. फज्रला तर ती झोपलेल्या माणसाशी वाद घालते की नमाज झोपेपेक्षा बरी.

वाद्यांबद्दल उलेमांमध्ये जी मतभिन्नता आहे तिच्यात आम्ही शिरत नाही. तो आमचा अधिकार नाही. एक गोष्ट मात्र वादक स्वतःच सांगतात: वाद्य गळ्याच्या जितके जवळ जाईल तितके मोठे. सारंगीला मान मिळाला तो ती गळ्याच्या सर्वांत जवळ जाते म्हणून. उस्ताद सुलतान खान (१९४०–२०११) यांची सारंगी ऐकताना कोणीतरी मुक्याने गात आहे असे वाटते. उलट हार्मोनियमचे सूर पट्ट्यांत बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला जमत नाही. या कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशके हार्मोनियमला दारात उभे केले नव्हते! गळ्याला मात्र ती घसरण उपजत येते. आई बाळाला हाक मारते तेव्हा ती काही शिकून येत नाही.

आता भोंगा. हा शब्द मशिदीने आणलेला नाही. मुंबईत तो आधी गिरणीचा होता. आमच्या शेजारच्या कुर्ल्यात जमशेटजी टाटांनी १८८६ साली बंद पडलेली गिरणी घेऊन तिची स्वदेशी मिल केली. गिरणगाव असो की कुर्ला, भोंगा वाजला की पाळी सुरू आणि भोंगा वाजला की पाळी संपली. त्या आवाजाला चेहरा नव्हता. मागे वाफ होती आणि पुढे धातूचे तोंड.

मशिदीवरच्या भोंग्याचा आकार आठवून पाहा. मागे निमुळता, पुढे पसरट. अगदी शिंगासारखा! मदिन्यात ज्या शिंगाला नम्रपणे नको म्हटले गेले, ते चौदाशे वर्षांनी विजेवर चालत आमच्या मिनारावर चढून बसले होते, आणि आम्ही त्यालाच अजान समजू लागलो होतो. हा आमचा विनोद घरातल्या सर्वांना रुचला नाही. मोठे चाचा म्हणाले, "शिंग नुसतं ओरडतं, भोंगा शब्द बोलतो. दोन्ही एक कसे?" त्यांचे म्हणणे चूक नाही.

किंबहुना हाच वाद आपल्या बुजुर्गांनी फार गंभीरपणे घातला आहे. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत १९३६मध्ये ध्वनिक्षेपक बसला. मशिदीत ध्वनिक्षेपक आल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. हिंदुस्थानातही त्याच सुमारास प्रश्न उभा राहिला. ध्वनिक्षेपकातून जो येतो तो इमामांचाच आवाज, की त्याची नक्कल? नक्कल असेल तर नमाजेबाहेरच्या एका वस्तूच्या आवाजावर रुकू-सजदा करणाऱ्यांच्या नमाजेचे काय? मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी नमाजेत त्याचा वापर करू नये असे सांगितले. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी नव्या साधनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, विज्ञान जाणणाऱ्यांचे म्हणणे लक्षात घेतले आणि आपली आधीची भूमिका पुढे बदलली. अजानीला तो आक्षेप तेवढा लागू नव्हता, मूळ प्रश्न नमाजेचा होता. तोवर मोठ्या जमातीत मुकब्बिर असत. मागच्या रांगांना ऐकू जावे म्हणून ते इमामांची तकबीर पुन्हा उच्चारत. गळ्यालाच गळा जोडून आवाज पुढे न्यायचा.

यंत्राकडून पाहिले तर असे होते. माइकमधला पातळ पडदा आवाजाने हलतो, त्या हालचालीची वीज होते, अँप्लिफायर ती वाढवतो आणि भोंग्यातला दुसरा पडदा त्या विजेवर हलतो. हवेतला धक्का नवा, शक्ती नवी, नक्षी जुनी. माणसाने लिहिलेले पत्र आणि त्याची छायाप्रत, तसे काहीसे. मजकूर तोच असतो, पण शाई हाताने लागलेली नसते. दादींना कदाचित हेच खटकले असेल, आणि तरीही पन्नास वर्षे त्यांनी छायाप्रतच ऐकली होती, कारण ती ज्या हाताची होती तो हात त्यांच्या ओळखीचा होता.

न्यायालयानेही हा भेद ओळखला आहे. लॉकडाउनमध्ये उत्तर प्रदेशातल्या काही जिल्ह्यांत अजानच बंद केली गेली, तेव्हा खासदार अफजाल अन्सारी यांचा अर्ज अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आला. १५ मे २०२०च्या निकालात न्यायालयाने म्हटले की अजान हा इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे, ध्वनिक्षेपक नाही. मुअज्जिन आपल्या गळ्याने मिनारावरून अजान देऊ शकतात आणि ती अडवता येणार नाही. या निकालाचा अर्धाच भाग बातम्यांत गाजला. दुसरा अर्धा भाग आपल्या कामाचा आहे.

मग गळा पोचतो किती? हिशेब अवघड नाही. मोठ्याने पुकारणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल भरतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ९० धरले तर ८ मीटरवर ७२, ६४ मीटरवर ५४, सव्वाशे मीटरवर ४८. पहाटेच्या शांत गल्लीत हा आवाज सव्वाशे मीटरवर ओळखू येतो. दुपारी एलबीएस मार्गावर बस, ट्रक आणि हॉर्न मिळून ७५च्या आसपास चालले असेल तर तो दहा पावलांत बुडतो. भोंगा जवळून सहज ११०च्या पुढे जातो, म्हणून तो बुडत नव्हता. बाकीच्यांना बुडवत होता.

आणि उंची. अबू दाऊद यांच्या संग्रहात आले आहे की मशिदीच्या आसपास बनू नज्जारमधल्या एका बाईंचे घर सर्वांत उंच होते. हजरत बिलाल (रजि.) सहरीच्या वेळी त्या घराच्या छपरावर येऊन बसत, फज्रची वाट पाहत, आणि उजाडू लागले की तिथूनच अजान देत. आमच्याकडे मशिदीच्या आसपासचे सर्वांत उंच घर म्हणजे पुनर्विकासातली बावीस मजली इमारत. तिच्यापुढे मिनार गुडघ्याएवढा. आवाज त्या भिंतीवर आपटून परत मशिदीच्याच अंगणात पडतो.

भोंगा उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या बांगीसाहेबांचा घसा बसला. बिहारकडचे तरुण गृहस्थ, घर तिकडे, स्वतः मशिदीच्या मागच्या खोलीत. अजान तर देतातच. शिवाय दारे उघडणे, चटया झाडणे, वजूच्या टाक्या भरणेही त्यांच्याकडेच. माइकपुढे ते मऊ, खालच्या आवाजात अजान देत. वाढवायचे काम यंत्राचे. आता तोच आवाज नुसत्या जोरावर फेकायला गेले. आठवडाभरात घोगरा झाला, मग फाटला. शुक्रवारी तर शेवटची तकबीर निघालीच नाही. मागच्या रांगेत दोन पोरे हसली. अबू महजूरांची गोष्ट माहीत असती तर कोणीतरी त्यांना उठवून उभे केले असते.

आम्ही त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले आणि म्हणाले, पडद्या सुजल्या आहेत. दहा दिवस बोलणेही कमी. मग विचारले, "तुम्ही ओरडता की पुकारता?" बांगीसाहेब गोंधळले. डॉक्टरांनी समजावले की ओरडताना माणूस घसा आवळतो आणि पडद्या एकमेकींवर आपटतात. पुकारताना जोर पोटातल्या श्वासाचा असतो आणि घसा मोकळा. आवाज पोचतो तो नुसत्या जोराने नाही. आपला कान सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि तोंड मोकळे ठेवले तर गळ्याची धार नेमकी तिथे येते. सनई-चौघड्यातही सनईच वेगळी ऐकू येते, ती याच धारेने.

दहा दिवस दुसऱ्यांनी अजान दिली. त्या दिवसांत आमच्या लक्षात आले की सुन्नतीतल्या ज्या गोष्टी आम्ही फक्त अदब म्हणून पाहत होतो त्या गळ्याच्याही कामाच्या आहेत. कानात बोटे घातली की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो, त्यामुळे माणूस विनाकारण ताणत नाही. 'हय्या अलस्सलाह'ला उजवीकडे आणि 'हय्या अलल्फलाह'ला डावीकडे मान वळवायची. आवाजातली धार समोरच्या दिशेलाच जास्त जाते, म्हणून मान वळली की ती दोन्ही बाजूंच्या घरांना मिळते. माइकपुढे मान वळवली तर आवाज कमी व्हायचा, म्हणून आमच्याकडे वळवणेच नावापुरते उरले होते.

मशिदीच्या बैठकीत आम्ही थोडे कडू बोललो. गेल्या वीस वर्षांत चंदा गोळा करून आपण तीनदा अँप्लिफायर बदलला. दर वेळी मोठा घेतला. मुअज्जिनांच्या आवाजासाठी, शिकवणीसाठी, पगारासाठी अशी बैठक एकदाही झाली नाही. जो आला त्याला ठेवले, जमेल तसे चालवले. तुर्कस्तानात मुअज्जिनांना रीतसर शिकवतात, त्यांच्या स्पर्धा होतात. सौदी अरबने मे २०२१मध्ये मशिदींच्या बाहेरचे भोंगे फक्त अजान आणि इकामतीपुरते ठेवले आणि आवाज एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका असे फर्मावले.  सूरह बनी इस्राईलमध्ये नमाजेतल्या आवाजाबद्दलही फार मोठा नको, फार हळू नको, मधला मार्ग घ्या, असेच शिकवले आहे. बैठकीत एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, हे सगळं खरं, पण भोंगा आमच्याकडून काढून घेतला गेला, आम्ही खाली ठेवला नाही. मन दुखतं ते त्याने." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

२०२५मध्येच तमिळनाडूतल्या एका कंपनीचे 'ऑनलाइन अजान' नावाचे अॅप मुंबईत आले. माहीमच्या जुमा मशिदीसह काही मशिदींनी ते घेतले. मशिदीत अजान सुरू झाली की तीच, त्याच क्षणी, घरातल्या मोबाइलवर. दूर टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी, घरात राहणाऱ्या बायकांसाठी, रमजानमध्ये इफ्तारची वाट पाहणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम आहे. आमच्या मशिदीतही तसे काही करावे असे ठरते आहे. यात आवाज निदान आपल्या माणसाचा असेल.

बांगीसाहेब बरे होऊन परतले. आता ते मशिदीच्या गच्चीवर, टाकीच्या कडेला, टॉवरकडे पाठ करून उभे राहतात. त्यांच्या पगाराचा विषय दोन बैठका लांबला, पण वाढ झाली. एका पहाटे आम्ही तिघे खाली उतरलो आणि अजान सुरू झाल्यावर गल्लीतून चालत गेलो. दुधाच्या केंद्रापर्यंत एकेक शब्द स्पष्ट होता. पिठाच्या चक्कीपाशी नुसती लय उरली. पुढे रिक्षांची रांग लागते. तिथे पहिला चालक गाडी सुरू करत होता, आणि तिथे ती संपली.

आमचे घर चक्कीच्या आधी आहे. म्हणजे ऐकू यायला हवी होती. न येण्याचे कारण होते पंप. शेजारच्या सोसायटीचा पंप नेमका फज्रच्या वेळी सुरू व्हायचा. आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. गुजराती गृहस्थ, भोंग्याबद्दल पूर्वी त्यांचीच एकदा तक्रार होती. जाताना आमचे पाय जड होते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "किती मिनिटांची असते?"

"चार-पाच."

"मग पंप अर्धा तास उशिरा लावतो. पाणी काही पळून जात नाही. पण वेळ बदलत जाते ना तुमची? दर महिन्याला वॉचमनला सांगत जा."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचा धाकटा मुलगा वॉचमनला कागदावर वेळ लिहून देतो. विमान आले तर त्याला कोणी काही सांगू शकत नाही. पावसाळ्यात पत्र्यांवर सर आली की काहीच ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी दादी अजूनही विचारतात. पण परवा पहाटे आम्ही उठलो तेव्हा त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, ओठ हलत होते. बाहेरून बारीक, दूरचा, किंचित घोगरा आवाज येत होता. आम्ही काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हातानेच गप्प राहायला सांगितले.